लोक रिव्हॉल्वर लपवून नेण्यासाठी कोणकोणत्या गमतीशीर युक्त्या करतात?

प्रश्नाखाली तुम्ही आणखी एक विचारलंय: परवाना असलेल्या माणसाने होल्स्टर (हत्याराचं म्यान) न घेता नुसतं कमरेला खोचलं तर बिघडतं कुठे? युक्त्यांची यादी देतोच, पण हा दुसरा भाग वाचून मी लिहायला बसलो. मी गोव्यात म्हापशात चामड्याचं काम करतो. पट्टे, बॅगा, आणि परवानाधारकांसाठी होल्स्टर. कोण काय कशात घालून फिरत होता हे शेवटी माझ्या टेबलावर येतंच, आणि यातल्या निम्म्या युक्त्या ऐकायलाच गमतीच्या असतात.

आधी परदेशातलं. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या बायका थंडीत हात घालायला फरची नळकांडी वापरत, त्यात मावेल एवढं छोटं पिस्तूल मिळायचं. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरची एकबारी खिशातली पिस्तुलं प्रसिद्ध होती. 14 एप्रिल 1865 ला लिंकनवर झाडलेलं पिस्तूल त्याच्याच बनावटीचं. 1882 मध्ये फ्रान्समध्ये तुर्बियो नावाच्या माणसाने पेटंट घेतलेलं हत्यार तर पिस्तूल वाटतच नाही. चपटी गोल डबी तळहातात धरायची, नळी दोन बोटांच्या फटीतून बाहेर, आणि मूठ आवळली की बार. यात घोळ असा की घट्ट धरणं आणि चाप ओढणं ही एकच क्रिया झाली. घाबरलेला माणूस हातातलं पहिल्यांदा आवळतोच. त्याच काळात फ्रान्समध्ये सायकलवाल्यांसाठी ‘व्हेलोडॉग’ नावाचं छोटं रिव्हॉल्वर निघालं, मागे लागणाऱ्या कुत्र्यांसाठी. बहुतेकांचा चाप पोटाखाली दुमडायचा आणि भोवती कडंच नसायचं, म्हणजे खिशात अडकायला नको. रात्री कळंगुटच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्याला त्या काळच्या सायकलवाल्याचं दुःख कळेल, पण उपाय म्हणून मला तो मुळीच मान्य नाही.

पिस्तुलं बनवणाऱ्या कोल्ट कंपनीत फिट्झगेराल्ड नावाचा एक जाणकार होता. पँटच्या पुढच्या दोन्ही खिशांना आतून चामडं लावून तो दोन आखूड रिव्हॉल्वर बाळगायचा. खिशाच्या कापडात अडकू नये म्हणून घोड्याचं, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या भागाचं, वरचं टोक कापलेलं, नळी आणि मूठ आखूड केलेली. इथवर ठीक. पण बोट लवकर पोचावं म्हणून चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भागही त्याने कापून टाकला. त्याची आयुष्यभराची सवय होती, त्याचे खिसे खास शिवलेले होते. नक्कल करणाऱ्यांकडे यातलं काहीच नव्हतं.

अमेरिकेत पाच गोळ्यांचं पॉइंट बावीसचं इवलंसं रिव्हॉल्वर पट्ट्याच्या बकलात बसवून मिळतं. त्याच्याही चापाला कडं नाही, म्हणून घोडा गोळ्यांच्या दोन खान्यांच्या मधल्या खाचेत टेकवून ठेवावा लागतो. तो खाचेत आहे की काडतुसावर, हे बकलाकडे वरून बघून समजत नाही. पाकिटाच्या आकाराचं होल्स्टरही तिकडे आहे, ज्यातून पिस्तूल बाहेर न काढताच झाडता येतं. 1934 च्या त्यांच्या कायद्याने पिस्तूल आणि असं पाकीट एकत्र आलं की ते वेगळ्या, कडक वर्गात जातं. 2016 मध्ये तर दुमडल्यावर मोबाइलसारखं दिसणारं दुबारी पिस्तूल जाहीर झालं. त्याचा धोका बाळगणाऱ्याला कमी, रस्त्यावरच्या बाकी सगळ्यांना जास्त. पोलिसाने थांबवल्यावर खिशातून खराखुरा मोबाइल काढणाऱ्या माणसाकडे मग कोणत्या नजरेने बघायचं?

बायकांच्या अंतर्वस्त्राला अडकवायची होल्स्टर, घोट्याला बांधायची, पोटाला गुंडाळायचे इलॅस्टिकचे पट्टे हे सगळं तिकडे नेहमीचं. घोट्याचं होल्स्टर आपल्याकडे चालत नाही. इकडच्या तांबड्या धुळीचा आणि पावसातल्या चिखलाचा पहिला मान घोट्याचाच, आणि महिन्याभरात सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्याच्या, फटीत तांबडी पूड बसते. पर्स हा प्रकार मात्र मी थट्टेत घेत नाही. डिसेंबर 2014 मध्ये आयडाहोमधल्या एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं आणि आई गेली. ती पर्स मुद्दाम पिस्तुलासाठी बनवलेली होती, वेगळ्या चेनच्या कप्प्यासकट. आपल्याकडे 2014 मध्ये कानपूरच्या आयुध कारखान्याने ‘निर्भीक’ काढलं, 500 ग्रॅमचं, बायकांसाठी म्हणून. त्याच्या जाहिरातीत पर्सचं नाव हटकून यायचं. पर्स खांद्यावरून खाली ठेवली की हत्यार ठेवलंच. ते तुमच्या ताब्यात राहिलं नाही.

आता इकडचं. स्कूटरची डिकी, चष्म्याचं घर, कॅमेऱ्याची बॅग, दुपारच्या जेवणाचा डबा, देवाच्या पुस्तकांच्या मापाची कापडी पिशवी, हे सगळं आलेलं आहे. पण फोंड्याकडच्या एका भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, चंची या सगळ्यांच्या वर. कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, मोठं, सुपारीचे आणि काजूचे पैसे घेऊन संध्याकाळी आडवाटेने घरी यायचं, म्हणून वडिलांच्या वेळेपासून परवाना. वय सत्तरीच्या पुढे. रिव्हॉल्वर पॉइंट बत्तीसचं, मधे मोडून उघडणारं. आणि ते पानाच्या चंचीत! चांगली मोठी, पदराची, कापडी चंची. एका कप्प्यात पानं, एकात सुपारी आणि अडकित्ता, एकात चुन्याची डबी आणि कात, आणि मधल्या कप्प्यात रिव्हॉल्वर. त्यांचं म्हणणं साधं होतं: “म्हाताऱ्याच्या चंचीत कोण हात घालतो रे?”

लपवण्याच्या दृष्टीने त्यांचं खरंच होतं. कुणालाही संशय येणार नाही. पण रिव्हॉल्वर उघडून बघितल्यावर काय काय निघालं ते नीट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

असं रिव्हॉल्वर मोडलं की सिलिंडरच्या मागची चांदणी वर उचलली जाते आणि काडतुसं बाहेर ढकलते. त्या चांदणीखाली सुपारीचं एक पातळ खांड बसलेलं, नखाएवढंही नाही. तेवढ्याने चांदणी पूर्ण खाली बसत नव्हती, आणि चांदणी बसली नाही की सिलिंडर मागे घासतो आणि वरची कडी लागत नाही. म्हणजे एकदा उघडलं की बंद होणार नाही. चुन्याची डबी झिरपलेली. सिलिंडर आणि सांगाड्यामधल्या फटीत पांढरा थर वाळून कडक झालेला, बोटाने फिरवला तर अर्ध्या खान्यापर्यंत फिरून अडकायचा. नळीवर काळे डाग, पण गंज नव्हता तो. कातात आणि सुपारीत टॅनिन असतं, ओल लागली की लोखंडाशी मिळून काळी शाई होते. पूर्वी शाई अशीच करत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अडकित्ता. त्याच्या एका दांड्याचं वळलेलं टोक चापाच्या कड्यातून आरपार गेलं होतं. चापाच्या मागच्या बाजूने. म्हणून चाप ओढलाच जात नव्हता. तेच टोक पुढच्या बाजूने गेलं असतं आणि अडकित्ता काढायला भाटकारबाबांनी तो हिसकला असता, तर गोळी त्यांच्याच मांडीत. चंची मांडीवर ठेवूनच उघडतात.

हे फक्त चंचीचं नाही. डिकीत किल्ल्यांचा जुडगा तेच करतो, डब्यात चमचा, बॅगेत पेन. हत्यार ज्या कप्प्यात आहे त्यात दुसरी कुठलीही वस्तू असता कामा नये, रुमालसुद्धा नाही. खिशात ठेवायचं असेल तर तो खिसा त्याचाच, आणि आत खिशाचं होल्स्टर हवंच. भाटकारबाबांना शेवटी तसंच करून दिलं: बंडीच्या आतल्या खिशात बसेल असं, खडबडीत बाजू बाहेर ठेवून, म्हणजे रिव्हॉल्वर काढताना होल्स्टर कापडाला धरून खिशातच राहतं. साफसफाई शस्त्राच्या दुकानातल्या कारागिराकडून. चंची पानाला मोकळी झाली.

आता कमरेला खोचण्याचं. हा वाद माझा आणि माझ्या मेव्हण्याचा फार जुना आहे. त्याच्याकडेही परवाना आहे. त्याचं म्हणणं, होल्स्टर घातलं की शर्टाखाली फुगवटा दिसतो, नुसतं खोचलं की सपाट राहतं. त्याने हे वाचावं म्हणून सविस्तर लिहितो.

होल्स्टरने वाढते ती जाडी दोन्ही बाजूंची मिळून सहा मिलिमीटर. शर्टाखाली उठून दिसते ती मूठ. नळी कितीही लांब असली तरी ती खाली पँटच्या आत जाते, तिचा फुगवटा येत नाही. मूठ मात्र पट्ट्याच्या वर, हवेत असते, आणि पट्टा मऊ असेल तर वजनाने हत्यार बाहेर कलतं आणि मूठ शर्ट ढकलते. म्हणजे दोष पट्ट्याचा. पट्टा 38 मि.मी. रुंद आणि दोन थर शिवलेला, 4 ते 5 मि.मी. जाड हवा. आडवा धरून दोन्ही टोकं हातात घेतली की मधे लोंबता कामा नये. होल्स्टरला पट्ट्यासाठी ज्या चिरा पाडतो त्या पट्ट्याच्या रुंदीच्याच असाव्यात, एक मि.मी. सैल चालेल, चार नाही. आणि मूठ पुढे झुकेल असा साधारण 15 अंशांचा कल दिला की ती बरगडीच्या रेषेत जाते. एवढं केलं की सैल बुशकोटाखाली काही दिसत नाही.

नुसतं खोचलेलं हत्यार कशाच्या जोरावर थांबतं? घामट कातडी आणि कापड यांच्या घर्षणावर. बसलं की पोट त्याला वर ढकलतं, उठून चाललं की ते खाली सरकतं. शर्ट पुन्हा आत खोचताना शर्टाचं टोक चापाच्या कड्यात जातं. आणि घसरू लागलं की हात आपोआप पकडायला धावतो, हे शिकवून जात नाही. नोव्हेंबर 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबमध्ये प्लॅक्सिको बरेस या नामवंत अमेरिकन फुटबॉलपटूचं असंच झालं. कमरेचं पिस्तूल पँटच्या पायात घसरलं, पकडायला गेला, बोट चापावर पडलं, गोळी स्वतःच्या मांडीत. वर बेकायदा बाळगल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा. 2018 मध्ये डेन्व्हरमध्ये सुट्टीवर असलेला एफबीआयचा माणूस नाचता नाचता उलटी कोलांटी मारायला गेला, पिस्तूल जमिनीवर पडलं, उचलताना सुटलं आणि दुसऱ्याच्या पायात गोळी. हा तर प्रशिक्षण घेतलेला.

जुनी रिव्हॉल्वर नुसती पडूनही सुटतात. ज्यात घोडा आणि काडतूस यांच्या मधे अडसर येत नाही, अशा बनावटीत घोड्याखालचा खाना रिकामाच ठेवायचा, सहाच्या जागी पाच गोळ्या. वायट अर्प हा अमेरिकेतला दंतकथा झालेला पोलिस, जानेवारी 1876 मध्ये विचिटात खुर्चीवर बसलेला असताना त्याचं रिव्हॉल्वर होल्स्टरमधून निसटलं, घोडा आपटला आणि गोळी त्याच्याच कोटातून गेली. म्हणजे होल्स्टर असूनही! कारण ते हत्याराला धरून ठेवणारं नव्हतं. म्हणून होल्स्टर कसं असावं हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

चामडं वनस्पतींच्या सालीत कमावलेलं हवं, म्हशीचं चांगलं, जाडी 2.8 ते 3.2 मि.मी. बाजारात स्वस्त मिळतं ते क्रोमचं, म्हणजे क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं. कापून कड बघा, मधे निळसर राखाडी दिसली तर ते क्रोमचं. ते भिजवून दाबलं तरी आकार धरत नाही, आणि त्यातले क्षार आपल्या दमट हवेत पोलादाला डाग पाडतात. कागद दुमडून घडीवर नळीची वरची रेषा ठेवायची, बाहेरची आकृती काढायची, आणि शिवणीची रेषा त्या आकृतीपासून हत्याराच्या जाडीच्या निम्मी अधिक चामड्याची जाडी एवढी बाहेर घ्यायची. सिलिंडर 34 मि.मी. असेल तर तिथे 17 आणि 3, म्हणजे 20. यात तीन-चार मिलिमीटरची चूक झाली तर एक तर हत्यार आत जात नाही, नाहीतर उपडं केल्यावर पडतं. चापाचं कडं दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकलेलं, पण मधलं, अनामिका आणि करंगळी ही तीन बोटं मुठीवर पहिल्याच धरेत बसली पाहिजेत.

शिवण दोन सुयांची, मेण लावलेल्या पॉलिस्टर दोऱ्याची, टाके 4 मि.मी. वर. मग कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवायचं, अर्धं मिनिट पुरतं, आणि आत साचा घालून अंगठ्याने आणि शिंगाच्या गुळगुळीत तुकड्याने सिलिंडरभोवती दाबायचं. साचा मी शिवण नावाच्या झाडाच्या लाकडाचा कोरतो. गिऱ्हाइकाचं हत्यार ओल्या चामड्यात घालत नाही आणि दुकानात ठेवूनही घेत नाही, परवाना त्याचा आहे, माझा नाही. मापं मालक समोर बसलेला असताना, हत्यार रिकामं करून. चापाच्या कड्याच्या आतली पोकळी फार खोल दाबायची नाही, तिथे चामडं आत गेलं तर तेच चापाला टेकतं. वाळवणं सावलीत पंख्याखाली. पावसाळ्यात दोन-तीन दिवस लागतात. घाईने उन्हात किंवा केसांच्या ड्रायरने वाळवलं तर कड तडकते. शेवटी मधमाशांचं मेण. तेल फार थोडं, कारण तेलाने होल्स्टरचं तोंड मऊ पडतं.

आणि इथे माझ्या धंद्याच्या विरोधात जाणारी गोष्ट सांगतो. चामड्याचं होल्स्टर जुनं झालं की तोंडाची कड आत दुमडते, आणि हत्यार परत घालताना तीच दुमड चापावर बसते. हत्यार खाली जातं, चाप जागेवर राहतो, बार होतो. असे अपघात झालेले आहेत. तोंड बोटाने दाबून बघा, आपोआप उघडं राहत नसेल तर ते होल्स्टर फेकून द्या, दुरुस्त करू नका. कडक प्लॅस्टिकच्या होल्स्टरला हा दोष नाही, तेही चांगलंच आहे. चालत नाही ते बाजारातलं सगळ्यांना बसणारं मऊ नायलॉनचं. जे सगळ्यांना बसतं ते तुमचं हत्यार धरत नाही. परीक्षा सोपी: हत्यार रिकामं करा, पुन्हा तपासा, होल्स्टरमध्ये घाला, बिछान्यावर उपडं धरून झटका द्या. पडलं तर घेऊ नका.

कायद्याचंही सांगायला हवं. शस्त्र नियम 2016 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी नेताना हत्यार होल्स्टरसारख्या साधनात, पूर्ण झाकलेलं आणि नेणाऱ्याच्या ताब्यात असलं पाहिजे. म्हणजे मेव्हण्याचं खोचणं आणि भाटकारबाबांची चंची दोन्ही बाद. झाकायचं ते लोक घाबरू नयेत म्हणून. तपासणीतून निसटायला नाही. विमानतळावर, मग दाबोळी असो की मोपा, आधी विमान कंपनीला सांगून, रिकामं करून, चेक-इनच्या सामानातच. कॅसिनो, न्यायालय, जत्रेची गर्दी इथे नेऊच नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढणं हा वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि दारू प्यायची असेल त्या संध्याकाळी हत्यार घरच्या कुलुपात.

घरी होल्स्टरमध्ये घालून ठेवू नका. जून ते सप्टेंबर चामडं हवेतली ओल पितं आणि ती थेट पोलादाला देतं. चामड्याच्या पट्टीत खोचून ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवा कीट चढतो, तीही काढून ठेवा. तेलाचा हात फिरवून, सुती कापडात, कुलपाच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. निवडणुकीच्या आचारसंहितेत ठाण्यात जमा करायचा आदेश आला तर तिथेही असंच तेल लावून, होल्स्टरशिवाय द्या, आणि पावतीवर हत्याराचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या.